वाटेची पट्टी

माझा भाऊ कृष्णात वर्षातून एकदाच माझ्याशी गोड बोलायचा. भाऊबीजेला, आणि तेही मी त्याच्या दारात जाऊन ओवाळल्यावर. त्यामुळे दोन हजार पाच सालच्या मार्चमध्ये, सण ना वार, तो नव्या गाडीतून उतरून आमच्या मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत आला तेव्हाच मला वास यायला हवा होता. पण माणूस लोभी असतं. मला घराचा लोभ होता, आणि तो घराचंच बोलणं घेऊन आला होता.

"आक्का, आपल्या रानात कॉलनी टाकतोय," तो खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाला. "रो बंगलो. चोवीस घरं. त्यातलं एक तुझ्यासाठी ठेवलंय बघ. दुसऱ्याला साडेपाच लाख, तुला चार. भैन म्हणून."

आपल्या रानात! हा 'आपल्या' शब्द त्याच्या तोंडून मी अकरा वर्षांत पहिल्यांदा ऐकला. ऐकून मला भरून आलं, हे सांगायला आज लाज वाटते.

"दाजी, तुमीबी बघा की येऊन," तो आमच्या मालकांना म्हणाला. मालकांचं नाव ज्ञानू. मी ते कधी तोंडाने घेत नाही, लिहायला हरकत नाही. उद्यमनगरातल्या फौंड्रीत त्यांची सगळी उमर साच्यांची वाळू चाळण्यात गेली. त्यांनी लगेच मान हलवली. का हलवणार नाहीत? बावीस वर्षं आम्ही त्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. पाच बिऱ्हाडांत एक नळ, आणि त्या नळाला घरमालकीण बयाबाई सकाळी नऊच्या ठोक्याला कुलूप लावायची. पावणेनऊला तिच्या चाव्या वाजल्या की हातातलं काम टाकून मी कळशी घेऊन धावायचे. पोरं लहान होती तेव्हा साबण लावलेलं पोर तसंच घेऊन मी तिच्या दारात उभी राहिले आहे. स्वतःचा नळ म्हणजे काय, हे ज्याच्या घरात नळ आहे त्याला कळायचं नाही.

"सह्या तेवढ्या करायच्या," जाताना कृष्णात म्हणाला. "फुडच्या रविवारी कागदं घिऊन येतो. आईलाबी आणतो."

सह्यांची मला भीती नव्हती. मी एक मोठी सही आधीच करून बसले होते. आण्णा, म्हणजे आमचे वडील, वारले त्याच्या दुसऱ्या वर्षी, चौऱ्याण्णव साली, ह्याच कृष्णातने मला राजदूत फटफटीवर बसवून रजिस्टर ऑफिसात नेलं होतं. हक्कसोडपत्र करायला. आमच्याकडे रीतच आहे. बापाच्या जमिनीतला हक्क बहिणीने भावाला सोडून द्यायचा, भावाने तिला साडीचोळी करायची. जी सोडत नाही तिचं माहेर तुटतं. मी सोडला, आणि हौसेने सोडला. कागद लिहिणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, समजून सही करताय न्हवं?" तर मीच त्याच्या अंगावर धावून गेले, "भाव हाय त्यो माझा!" मग कृष्णातने महाद्वार रोडला जांभळी इरकल घेऊन दिली, आणि ती मी सगळ्या पेठेत मिरवली. सहा एकर बागायत देऊन एक लुगडं आणलं आणि वर ते मिरवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तर त्या रविवारची वाट बघवेना. बुधवारी मी मालकांना न सांगता केएमटीची बस धरली आणि गडमुडशिंगीच्या रस्त्याला उतरले. मी ब्लाऊज शिवते. गळ्यात टेप आणि पिशवीत मापाची वही, ही माझी नेहमीची तयारी. मला एवढंच बघायचं होतं, की पुढच्या खोलीत खिडकीखाली माझं मशीन बसतं का. उजेड डाव्या हाताने आला पाहिजे. बाकी संगमरवर आहे का शहाबादी आहे, मला काही घेणं नव्हतं.

गावातल्या घरी मी दर वर्षी जात होते, पण रानाकडे कितीतरी वर्षांत फिरकले नव्हते. रान ओळखू येईना. उसाच्या जागी चुन्याच्या रेघा मारलेल्या. दोन घरं स्लॅबपर्यंत आलेली. तोंडाशी मोठी लोखंडी कमान, आणि कमानीवर रंगवलेलं, 'चिमणाबाई पार्क'. चिमणाबाई म्हणजे आमची आई. तिला कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, पार्क म्हंजी काय रं? पण मला ते नाव बघून बरं वाटलं. म्हटलं, पोरगं आईला विसरलं नाही.

पत्र्याच्या ऑफिसात एक तरणा मुलगा बसला होता. मल्लेश नाव, गडहिंग्लजकडचा, बोलण्यात कानडी हेल. उठून उभा राहिला, खुर्ची पुसून दिली.

"या, बसा. कुठलं पावणं म्हणायचं?"

माझ्या बापाच्या रानात उभं राहून मला विचारत होता, कुठलं पावणं. त्याची काय चूक? त्याला काय माहीत. मी म्हटलं, "कोल्हापूरचं."

त्याने चहा मागवला आणि टेबलावर नकाशा पसरला. हे गार्डन, हे गणपतीचं मंदिर, हा तीस फुटी मेन रोड. मी त्या रोडवर बोट ठेवून पुढे पुढे गेले. डांबरी रस्त्यापासून पाटलांच्या बांधाकडेने आमच्या विहिरीपर्यंत. ही तर आमची गाडीवाट! आण्णांनी पाटलांकडून विकत घेतलेली पट्टी. लहानपणी भाकरीचं गठुळं डोक्यावर घेऊन मी तिच्यावरून रोज अनवाणी गेले आहे. चोवीस घरांना आत यायला तेवढा एकच रस्ता होता.

"कागदं सगळी झाल्यात न्हवं?" मी आपलं घेणाऱ्या माणसाने विचारावं तसं विचारलं. "उद्या आमी पैसं घालायचं आन काय तरी भानगड निघायची."

"सगळं क्लिअर हाय ओ काकू. ह्या रस्त्याच्या पट्टीचं एक संमतीपत्र तेवढं ऱ्हायलंय. मालकांच्या भैनीचं नाव लागलंय म्हणं त्याच्यावर. पयल्या कागदात ही पट्टी घालायचीच ऱ्हाऊन गेलती. पर तिची सही ह्या रविवारी व्हतीया."

"करंल व्हय ती सही?"

"करतीया की!" मल्लेश हसला. "एक घर दाखवलंय तिला स्वस्तात. घराच्या कागदात ह्यो कागद घालायचा. मालक म्हटलं, अडाणी हाय, ती कुठं वाचतीया. मागंबी अशीच केलती, एका लुगड्यावर."

आणि मी पण हसले. का हसले ते देवाला माहीत. तो हसला म्हणून हसले असेन. चहा संपवला, नकाशावर त्या पट्टीचा गट नंबर होता तो मापाच्या वहीत कुणाच्या तरी बाहीच्या मापाखाली उतरवून घेतला, आणि उठले. खिडकीखाली मशीन बसतं का ते बघायचं राहूनच गेलं.

तळपायाची आग मस्तकात जाते असं नुसतं म्हणतात, त्या दिवशी मला ती जाताना कळली. बस येऊनही मी हात केला नाही. कोल्हापूरपर्यंत चालत आले आणि वाटभर बडबडत आले. मला राग पट्टीचा नव्हता. पट्टी माझीही आहे, हे मला माहीतच नव्हतं. त्याने दारात येऊन म्हटलं असतं, "आक्का, एक तुकडा ऱ्हायलाय, सही कर," तर मी उभ्या उभ्या केली असती. घर नको, साडी नको, चहासुद्धा मीच पाजला असता. पण त्याने मला घर दाखवलं. बावीस वर्षं नळासाठी तरसलेल्या बहिणीला घर दाखवलं, कोपराला गूळ लावावा तसं, आणि परक्या पोरापुढे मला अडाणी म्हणाला. मी सातवी पास आहे. हा दहावीला तीनदा बसला.

दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे जाऊन मी त्या गटाचा सातबारा काढला. आण्णांचे वारस म्हणून तीन नावं होती. कृष्णात, चिमणाबाई, आणि आक्काताई म्हणजे मी. तिथेच भिंतीला टेकून मला सगळा उलगडा झाला. हक्कसोडाच्या दिवशी म्हाताऱ्याने जमिनी विचारल्या, तेव्हा कृष्णातने विहिरीचं रान सांगितलं, माळाचं सांगितलं, ओढ्याकडचं सांगितलं. वाट सांगितली नाही. लबाडीने नव्हे, वाट ही जमीन असते हेच आमच्या डोक्यात नसतं. आमच्यातल्या कुणालाही विचारा रान किती, तर तो वाट धरून सांगणार नाही. वाट चालायची असते, ती मोजतं कोण? आता कॉलनी टाकल्यावर सरकारने मोजली आणि माझं नाव वर आलं.

रात्री जेवताना मालकांना सांगितलं. ते घास तसाच धरून ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "मग कर की सही."

"काय?"

"आगं, घर मिळतंय न्हवं? कशानं का मिळंना. त्येला पट्टी पायजे, आपल्याला घर पायजे. तू ती वाट घिऊन काय करणार, पदरात बांधून फिरणार?"

"अडाणी म्हटला मला त्यो."

"म्हणू दे. मला फौंड्रीत रोज काय काय म्हणत्यात, ऐकलंयस कवा?"

हे ऐकून माझा राग दुप्पट झाला. त्यांचं खोटं नव्हतं म्हणून जास्त झाला. त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. सकाळी बयाबाईच्या चाव्या वाजल्या की वाटायचं, करून टाकावी सही. पाणी भरून झालं की वाटायचं, मेले तरी करणार नाही.

रविवारी कृष्णात आला. बरोबर आई. आई सत्तरीच्या पुढची, गाडीत बसून आली म्हणून चक्कर आलेली. तिला मी कॉटवर बसवलं, लिंबूपाणी दिलं. माझी पोरगी संयोगिता आतल्या खोलीत ब्लाऊजला हुक लावत बसली होती. मुलगा धैर्यशील वर्कशॉपमध्ये होता. कृष्णातने प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून स्टुलावर ठेवले आणि पेनचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

"हितं, हितं आन हितं."

"वाचू तरी दे."

"वाचाय काय हाय त्यात? सरकारी मराठी हाय, आमालाच कळत न्हाई."

मी चष्मा लावला आणि वाचायला लागले. मोठ्याने, एकेक ओळ, पोरं शाळेत वाचतात तसं. पहिला कागद घराचा. दुसरा घराचा. तिसऱ्या कागदावर गट नंबर आला तेव्हा मी थांबले.

"ह्यो कशाचा रं?"

"त्यो आपला असाच. रस्त्याचा. सरकारला लागतोय."

"कुणाचा रस्ता?"

"कॉलनीचा."

"आन त्याच्याआदी कुणाचा?"

कृष्णातने मालकांकडे बघितलं. मालक जमिनीकडे बघत होते. मी सातबारा काढून त्याच्या तीन कागदांवर आपटला.

"मी सातवी शिकलीया, किस्ना. ह्यात आक्काताई लिवलंय तेवढं मला वाचता येतंय. त्या मल्लेशला काय सांगितलंस तू? अडाणी हाय, वाचत न्हाई, एका लुगड्यावर सही केली?"

त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. चोर पकडला गेला की आधी ओरडतो. तो ओरडलाच. "हक्क सोडलायस तू! एकदा सोडलं ते सोडलं. आता उकरून काढाय लाज वाटत न्हाई? उद्या गाव म्हणंल, भैनीनं भावाचा रस्ता अडवला. थुकतील तुझ्यावर!"

"थुकू देत! सोडला त्यो मी हौसंनं सोडला. ह्यो तू चोरून न्हेतोयस."

"आई, सांग हिला!"

आई आतापर्यंत लिंबूपाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि जे मला लहानपणापासून सांगत आली तेच सांगितलं. "पोरी, लेकीनं मागू नये गं. भाव हाय तर म्हायार हाय."

कृष्णातच्या बोलण्याने मला काही झालं नव्हतं. आईच्या बोलण्याने झालं. मी खालीच बसले. म्हटलं, संपलं. हिच्यापुढे कुठलं न्यायालय?

"कशाची सही म्हणायची पर?" आईने विचारलं. म्हणजे तिला काही सांगितलंच नव्हतं; तिचा अंगठाही असाच घेतला असणार.

"आण्णांनी पाटलाकडनं घेतल्याली वाट," मी म्हटलं. "ती माझ्याबी नावावर हाय. तुझ्याबी."

आईने पेला खाली ठेवला. डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट चोळत राहिली. तिच्या मनगटावर आता काहीच नव्हतं.

"ती वाट माझ्या पाटल्यांची हाय," ती म्हणाली. "पाटलानं गाड्या अडवल्या त्या साली. ऊस तुटून बांधाला वाळत पडला. तुमच्या बानं माझ्या पाटल्या मोडल्या आन ती पट्टी घेतली. फुडल्या साली करतो म्हणालं, कवा केल्या न्हाईत."

"ते जाऊ दे आता, आई," कृष्णात म्हणाला.

"का जाऊ दे? आईचं डाग लेकीला जात्यात, किस्ना. लेकाला न्हवं. माझ्या आईच्या पाटल्या मला आल्या, माझ्या हिला जायाच्या. मोडून वाट घेतली म्हून त्या तुझ्या झाल्या व्हय? रान तुझं. वाट हिची."

"तुला काय कळतंय त्यातलं!"

"कळत न्हाई म्हून माझं नाव लावलंस व्हय कमानीवर?"

आई एवढं बोललेली मी जन्मात ऐकली नव्हती. कृष्णातने कागद गोळा केले, आईला गाडीत घातलं आणि निघून गेला. पेन आमच्याकडेच राहिलं.

मी हक्कसोड करताना रीत मानली होती, आता तसलीच एक रीत त्याच्या घशात अडकली. डागिने लेकीचे, ह्याला अख्ख्या गावात कुणी नाही म्हणालं नसतं. शिवाय गिऱ्हाइकांचे पैसे घेऊन बसला होता, रस्त्याशिवाय त्यांना घर कसं देणार? तीन दिवसांनी त्याने मालकांना फौंड्रीच्या गेटवर गाठून निरोप दिला. पट्टीच्या बदल्यात कमानीजवळचं पहिलं घर. एक पैसा नको. नाव कुणाचं घालायचं तेवढं कळवा. आणि आक्काला सांगा, ह्या भाऊबीजेला येऊ नको.

त्या संध्याकाळी मालक जिलेबी घेऊन आले. धैर्यशील कामावरून आला होता. संयोगिता हुकांची डबी मांडीत घेऊन बसली होती. बावीस वर्षांत मालकांना एवढं हसताना मी बघितलं नव्हतं. भाऊबीजेचा निरोप ऐकला, तरी मी जिलेबी तोंडात घातली. घर मिळालं होतं. स्वतःचा नळ, स्वतःचं दार.

"नावाचं म्हणतोय किस्ना," मालक बोटं चाटत म्हणाले. "आपण सरळ धैर्यशीलचं नाव घालूया. म्हंजे आपल्या मागं परत हीच भानगड नगं. पोरीचं नाव लागायचं, मग तिची सही, हक्कसोड, रजिस्टर ऑफिसला हेलपाटं."

धैर्यशीलने खाता खाता मान डोलावली. वाईट मुलगा नाही तो. त्याला ते बरोबरच वाटलं.

आणि संयोगिता दातांनी दोरा तोडत, मान वर न करता म्हणाली, "मी आत्ताच दीन की लिवून. दादा काय परका हाय?"

एकोणीस वर्षांची पोरगी, हौसेने म्हणाली. आदल्या रविवारी पलीकडच्या खोलीत बसून तिने एकूण एक शब्द ऐकला होता. ऐकून हे शिकली! माझा हात उठला तिच्यावर. मारायचं कुणाला ते कळेना म्हणून तो तसाच राहिला. कृष्णातवर आला नव्हता एवढा राग मला आला, आणि तो कुणावर काढायचा? हिला कुणी शिकवलं? दर भाऊबीजेला ताट घेऊन माझ्याबरोबर कोण यायचं? ती जांभळी इरकल तिला कुणी दाखवली होती, मामानं घेतली म्हणून?

"कागदावर तीन नावं घालायची," मी म्हटलं. "माझं, धैर्यशीलचं आन हिचं. जमत नसंल तर आत्ता सांगा. पट्टीत कुसळं उगवू देत, मी बयाबाईच्या नळावर मरीन, पर सही करणार न्हाई."

"आगं, डोकंबिकं फिरलं काय तुझं?" मालक ओरडले. धैर्यशील ताटावरून उठला आणि चप्पल घालून बाहेर गेला. दार त्याने जरा जोरातच ओढलं.

संयोगिता रडवेली झाली. "बघ, दादा रागावला. माझं नाव कशाला, आई? उद्या मला म्हायार नगं व्हय?"

"रागावू दे," मी म्हटलं. "माझ्या भावाचा मी सोसतीया. तुझ्या भावाचा तू सोस."